सौर ऊर्जा आणि स्वावलंबनाचा प्रश्न

प्रगत राष्ट्रांनी विकसनशील राष्ट्रांना स्वच्छ ऊर्जेच्या तंत्रज्ञानासाठी साहाय्य करावे, हे तत्त्व जगाने मान्य केल्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामानविषयक करारात तशी तरतूद आहे. इतकेच नव्हे, तर विकसनशील राष्ट्रांची स्वतःची तांत्रिक क्षमता वाढीस लावण्याची जबाबदारीही त्याच कलमाने श्रीमंत राष्ट्रांवर टाकली आहे. कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी वैभव उभारले, त्यांनी आपल्या ऋणाची अंशतः फेड करावी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु यंत्र विकणे निराळे आणि यंत्र घडविण्याची विद्या देणे निराळे. पहिल्याला सहकार्य म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या वाटेत आडकाठी घालावयाची, ही रीत कशी रूढ झाली, हे भारताच्या सौर ऊर्जेच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मोहीम सुरू केली. सरकारने दीर्घ मुदतीच्या कराराने वीज विकत घ्यावयाची आणि त्या बदल्यात वीजनिर्मात्यांनी देशात तयार झालेले साहित्य वापरावयाचे, अशी अट तीत होती. सार्वजनिक पैशातून देशात उद्योग उभा राहावा, हा त्यामागील हेतू. पण पहिल्या टप्प्यात ही अट स्फटिक सिलिकॉनच्या पॅनेलांपुरतीच होती. पातळ थराच्या पॅनेलांना तीतून सूट होती. अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेने नेमका या फटीतून प्रवेश केला. तिने भारतीय प्रकल्पांना कर्जे दिली, ती अमेरिकन पॅनेलांच्या खरेदीसाठी. कर्ज भारताच्या डोक्यावर आणि काम अमेरिकेच्या कारखान्याला, असा हा व्यवहार होता.

तेवढ्यावर भागले नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेने देशी साहित्याच्या अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली. फेब्रुवारी २०१६ मध्ये निवाडा भारताच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबरमध्ये अपील मंडळाने तो कायम केला. हवामानविषयक करारांतील जबाबदारीचा भारताने घेतलेला आधारही मंडळाने ग्राह्य धरला नाही. एका कराराने जी क्षमता वाढवावयास सांगितले, तीच वाढविण्याचा मार्ग दुसऱ्या कराराने निषिद्ध ठरविला.

पुढे अमेरिकेतील काही राज्ये स्थानिक साहित्याला तशाच सवलती देतात, अशी तक्रार भारताने केली आणि जून २०१९ मध्ये निवाडा भारताच्या बाजूने लागला. अमेरिकेने अपील केले. मात्र ज्या मंडळापुढे ते चालावयाचे, त्यावरील नेमणुका अमेरिकेनेच अडवून धरल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये ते मंडळ निष्क्रिय झाले. २०२२ च्या कायद्याने तर अमेरिकेने देशी साहित्य वापरणाऱ्या ऊर्जाप्रकल्पांना वाढीव करसवलत देऊ केली. बलवानांचे नियम दुर्बलांसाठी असतात, हा जुनाच धडा.

परंतु सारा दोष परक्यांच्या माथी मारणे ही आत्मवंचना ठरेल. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने देशातील पहिला सौरघट १९७७ मध्ये आणि पहिले पॅनेल १९७८ मध्ये तयार केले. चीनमधील सौर उद्योगाचा अग्रणी ठरलेली सनटेक ही कंपनी २००१ मध्ये वूशी येथे स्थापन झाली, ती ऑस्ट्रेलियातील विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकून परतलेल्या शी झेंगराँग यांच्या पुढाकाराने आणि स्थानिक शासनाच्या पाठबळाने. विद्या माणसांबरोबर आली आणि शासनाने तिला आश्रय दिला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. जवळजवळ पाव शतक आधी सुरुवात केलेल्या भारताने आपल्या कंपनीचे काय केले? नोव्हेंबर २०२१ मध्ये ती २१० कोटी रुपयांना एका खाजगी वित्तकंपनीस विकण्याचा निर्णय सरकारने घेतला. कामगारांनी विरोध केला, न्यायालयात दाद मागितली आणि २०२२ मध्ये हा व्यवहार रद्द झाला. राष्ट्राची तांत्रिक ठेव राखली ती दिल्लीच्या धोरणकर्त्यांनी नव्हे, कामगारांनी.

स्वस्त पॅनेल परदेशातून मिळत असताना घरच्या उद्योगाचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न काही अर्थतज्ज्ञ करतात. शेतकऱ्याला सौर पंप स्वस्तात मिळावा, याविषयी दुमत नाही. पण ज्याच्या हाती सारा पुरवठा, त्याच्याच हाती उद्याची किंमत. शिवाय पंप बंद पडल्यावर तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा हात नसेल, तर शेतातील पॅनेल ही केवळ काच उरते. उलटपक्षी, स्वदेशीच्या नावाखाली दोनचार उद्योगसमूहांना सरकारी अनुदाने वाटणे म्हणजेही स्वावलंबन नव्हे. देशात पॅनेल जुळविणारे कारखाने वाढले, तरी सिलिकॉनच्या चकत्या अजूनही मुख्यतः बाहेरूनच येतात.

म्हणून समाजवादी चळवळीने दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढले पाहिजे. औषधांच्या बाबतीत २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने लोकांच्या आरोग्याला पेटंटहून वरचे स्थान दिले. स्वच्छ ऊर्जेसाठी तशीच घोषणा व्हावी आणि संशोधन विकसनशील राष्ट्रांच्या सामायिक मालकीचे असावे, अशी मागणी जगापुढे ठेवली पाहिजे. आणि देशात सार्वजनिक क्षेत्राला संशोधनासाठी पैसा, आयटीआयमध्ये सौरयंत्रांचे शिक्षण, अनुदान घेणाऱ्या कारखान्यांवर कायम नोकऱ्यांची सक्ती, यांसाठी रस्त्यावर उतरले पाहिजे. सूर्यप्रकाशावर कोणाची मालकी नाही. तो विजेत उतरविणाऱ्या विद्येवर मूठभरांची मालकी राहू नये, यासाठी हा संघर्ष आहे.