पोर्ट अपुरे म्हणून संगणक भंगारात?

यंत्र निकामी होणे आणि यंत्र गैरसोयीचे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु शाळा-कार्यालयांच्या निर्लेखनाच्या यादीत हा भेद बहुधा उरत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर धडधाकट असतो, पत्रे आणि तक्ते बिनतक्रार तयार होतात. अडते ते एवढ्याच ठिकाणी की, कीबोर्ड, माऊस व प्रिंटर जोडून झाल्यावर स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि पेन ड्राइव्ह यांना यूएसबी पोर्ट पुरत नाहीत. मग एकाची वायर काढून दुसऱ्याची घालावी लागते, ओढाताणीत एखादे पोर्ट सैल होते, आणि ‘संगणक जुना झाला’ असा निवाडा दिला जातो. हा निवाडा घाईचा आहे. ज्या उणिवेसाठी तो दिला जातो, तिच्यावरील उपाय यूएसबीच्या मूळ रचनेतच योजलेला आहे.

यूएसबीचे पहिले प्रमाण १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. तोवर प्रिंटरची खोबण एक, मोडेमची दुसरी, कीबोर्डची तिसरी असा कारभार होता. तो मोडून सर्वांना एकच दार देण्याचे काम अनेक कंपन्यांनी मिळून केले. इंटेलमध्ये त्यात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या योजनेत एका नियंत्रकावर, हब धरून, १२७ उपकरणांची सोय ठेवलेली आहे. तेव्हा कॅबिनेटवर दिसणारे चार-सहा पोर्ट ही यंत्राची कुवत नव्हे. कारखान्याने तेवढीच दारे बाहेर काढली, इतकाच त्याचा अर्थ.

ही दारे वाढविण्याचे मार्ग अवघड नाहीत. पुष्कळ जुन्या संगणकांच्या पाठीमागे जांभळ्या व हिरव्या रंगाच्या दोन गोल खोबणी असतात. कीबोर्ड आणि माऊस त्या जातीचे वापरले, तर दोन यूएसबी पोर्ट तत्काळ मोकळे होतात. दुसरा मार्ग हबचा. येथे मात्र विजेचा हिशेब पाहावा लागतो. यूएसबी २.० चे एक पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज देते. साधा हब तीच वीज सर्वांत वाटतो. पेन ड्राइव्हला ती पुरते, बाहेरच्या हार्ड डिस्कला पुरेलच असे नाही. म्हणून स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब घेणे शहाणपणाचे. तिसरा मार्ग कॅबिनेटच्या आत आहे. मदरबोर्डवर नऊ पिनांची जोडणी रिकामी असल्यास तिला पट्टी लावून मागच्या बाजूस दोन पोर्ट काढता येतात. चौथा मार्ग पीसीआय एक्स्प्रेस कार्डाचा. त्यामुळे २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चे पोर्ट जुन्या यंत्रालाही मिळतात. या प्रमाणाचा वेग सेकंदाला पाच गिगाबिट, यूएसबी २.० चा ४८० मेगाबिट. अर्थात, मदरबोर्डवरील स्लॉट पहिल्या पिढीचा असेल, तर कार्डाचा पूर्ण वेग मिळणार नाही, हेही जाणून असावे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. पोर्ट वाढल्याने जुना प्रोसेसर वेगवान होत नाही. विंडोज १० ला मिळणारा नियमित विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती उणीव कोणतेही कार्ड भरून काढणार नाही. अशा संगणकावर लिनक्स चालते काय, कार्यालयाची आज्ञावली त्यावर चालते काय, हे पाहिले पाहिजे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तर नवे यंत्र घेण्यात गैर काही नाही. आग्रह इतकाच की, निर्णय तपासणीनंतर व्हावा, कंटाळ्यापोटी नव्हे.

प्रश्न केवळ काटकसरीचाही नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक-चतुर्थांशापेक्षाही कमी कचऱ्याचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु अधिकार कागदावर असून भागत नाही. दुरुस्ती करण्याची मुभा आणि उमेद हाताशी हवी. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकालाच कॅबिनेटचा स्क्रू काढण्याची भीती वाटत असेल, तर विद्यार्थी शिकणार काय?

म्हणून निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत नेमका दोष, त्यावरचा उपाय आणि उपायाचा खर्च या तीन बाबी लिहिण्याची सक्ती असावी. मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुख यांना अशा किरकोळ सुट्या भागांची खरेदी आपल्या अधिकारात करता यावी. आणि कार्ड बसविण्याचे काम, विजेची जोडणी काढून व योग्य ती काळजी घेऊन, विद्यार्थ्यांच्या देखत व्हावे. नवा संगणक पैसे मोजून येतो. यंत्राची जाण त्याच्या खोक्यातून येत नाही.