ईसीजी ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टर थांबायला का सांगतात?

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या शेळगावात कुणाच्या छातीत कळ आली, तर एका बाजूला बारामती, दुसऱ्या बाजूला इंदापूर. आधी ‘पित्त असेल’ म्हणून घरचा उपाय होतो, मग गाडी शोधली जाते. रुग्णालयात ईसीजी निघतो, कागदावर ‘नॉर्मल’ दिसतं आणि निघायची घाई सुरू होते. रात्रीची दारं धरायची असतात, पहाटे धारा काढायच्या असतात. डॉक्टर म्हणतात, ‘अजून थोडं थांबा.’ कशासाठी, हे मात्र बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेच्या हालचालीची काही सेकंदांची नोंद. अंगावर दहा ठिकाणी तारा जोडून हृदय बारा बाजूंनी पाहिलं जातं. त्या काही सेकंदांत रक्तपुरवठा पुरेसा असेल, तर रक्तवाहिनी अरुंद असूनही आलेख सरळ येऊ शकतो. म्हणूनच दुखणं सुरू असेल तर थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात.

रक्ताच्या रिपोर्टला वेळ का लागतो?

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ‘ट्रोपोनिन’ नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते लगेच दिसेलच असं नाही, काही तास लागू शकतात. कळ आल्यावर अर्ध्या तासात दिलेला नमुना निर्दोष आला, तर त्यावर विसंबता येत नाही. नव्या, अतिसंवेदनशील चाचणीत दुसरा नमुना एक ते तीन तासांनी घेतात, जुन्या पद्धतीत तीन ते सहा तासांनी. डॉक्टर दोन आकड्यांतला फरक बघतात. मूत्रपिंडाच्या आजारातही हा आकडा वाढलेला असू शकतो, त्यामुळे एकट्या आकड्यावरून घाबरण्यातही अर्थ नाही.

याच्या उलटही घडतं. ईसीजीतच मोठ्या झटक्याची खूण, म्हणजे ‘एसटी’ भाग वर उचललेला दिसला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात द्यावं, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गावाकडून निघालेल्या रुग्णासाठी रस्त्याचा वेळही या हिशेबात धरावा लागतो. राज्याच्या ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पात लहान रुग्णालयातला ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञांकडे जातो आणि निदान परत येतं, ते याच घाईपोटी.

तंत्रज्ञान असं वेगाने पुढे गेलं. रुग्णाशी बोलणं मागेच राहिलं. मशीनने आपोआप छापलेली ‘ॲबनॉर्मल’ ही इंग्रजी ओळ पुण्यातल्या भाच्याच्या व्हॉट्सॲपवर पोहोचते आणि डॉक्टरांनी कागद हातात घेण्याआधी घरात रडारड होते. ती ओळ चुकू शकते, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती निदान नव्हे. पण हे सांगणार कोण?

ओपीडीत रांग असते, प्रत्येकाला समजावायला वेळ नसतो, हे खरंच. मग केस पेपरवर मराठीतला एक शिक्का का नको? कोणती तपासणी झाली, पुढची किती वाजता, कोणता त्रास झाला तर लगेच सांगायचं. तीन रिकाम्या जागा, नर्सही भरू शकेल. मधुमेही रुग्ण आणि महिलांसाठी तर हे जास्तच गरजेचं. त्यांच्यात झटका छातीत दुखण्याऐवजी घाम, धाप, जबड्यातली कळ किंवा मळमळ म्हणूनही येतो आणि ‘गॅस’ समजून सोडून दिला जातो.

टूडी इको किंवा ट्रेडमिल टेस्टसाठी पुढची तारीख मिळाली, तर ती वाट घरी पाहता येते. मात्र तोवर लिहून दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. बसल्या जागी छातीत दुखलं, दम लागला किंवा घाम फुटला, तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि जुना ईसीजी सोबत न्यायचा. नव्या आलेखात काय बदललं, हे डॉक्टरांना त्या जुन्या कागदावरूनच कळतं.