चित्रकलेचा तास कापू नका

वार्षिक परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकात पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या तासावर पडते. तो तास गणिताला जातो आणि पालकही हूं की चूं करीत नाहीत. जे तास उरतात त्यांत फळ्यावर दोन डोंगर, मध्ये सूर्य, नदी व झोपडी काढून दिली जाते. पहिलीतले मूल तेच उतरवते व आठवीतलेही तेच. ही कला नव्हे, नक्कल होय.

वयाबरोबर मुलाचा हात व नजर बदलते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांतील या वाढीचे टप्पे मांडले. तेव्हा धडाही वयाप्रमाणेच हवा. पहिली ते तिसरीच्या मुलांना माती द्यावी. बेंदराचे बैल, नागपंचमीचा नाग त्यांनी मनाजोगते करावेत. भेंडी कापून रंगाचे ठसे उठवावेत. चौथी ते सातवीला ठिपक्यांची रांगोळी द्यावी. समरूपता तिथे आपसूक कळते. आठवीपुढील मुलांनी दिवाळीचा किल्ला आधी कागदावर प्रमाणात आखावा, मग उभारावा. कटनिबाने देवनागरी अक्षरे गिरवून वर्गाचे हस्तलिखित काढावे. याला महागडे साहित्य लागत नाही. आमच्या खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली आहे.

यात भाषेचाही लाभ आहे. मळणे, थापणे, लिंपणे, कोरणे. तट, बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द घोकून येत नाहीत. हात चालू असताना ते मुलाच्या तोंडी बसतात. सीमाभागात मराठी शाळांचे पट घटत असताना हे शब्द देणारा तास आपणच कापावा, हे शहाणपणाचे नाही.

बेळगावचे थोर चित्रकार के. बी. कुलकर्णी हे शाळेत चित्रकला शिकवीत. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले व पुढे देशभर नावाजले. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, हे खरे. परंतु स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे व स्वतःच्या हाताने घडवणे प्रत्येकाला यावयास हवे.

म्हणून गावोगावच्या शाळा सुधारणा समित्यांनी एवढे तरी ठरवावे, की परीक्षेच्या तोंडावरही चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला द्यावयाचा नाही. आणि पालकांनी शाळेत गेल्यावर गुणपत्रिकेबरोबर आपल्या मुलाने काय घडवले, तेही दाखवा म्हणावे. मागणारा असला की शाळाही देते.