दत्तमहाराजांच्या पायांशी बसलेले श्वान

आज मार्गशीर्ष पौर्णिमा. सप्ताहभर चाललेल्या गुरुचरित्राच्या पारायणाची सांगता होईल, सायंकाळी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. ज्या तसबिरीपुढे हे सर्व घडते तीत महाराजांच्या मागे गाय उभी आहे आणि पायांशी चार श्वान आहेत. ते चार वेद होत, असे आपण मुलांना सांगतो. आणि अंगणात खरे कुत्रे शिरले की त्याच मुलांना काठी आणावयास धाडतो. ही विसंगती जुनीच. परंतु ह्या वर्षी ती मला फार बोचली.

आमच्या गावाबाहेर एका शेतात मेंढ्या बसल्या आहेत. फलटणकडील धनगरांचा हा वाडा दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतो. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात, मोबदल्यात धान्य वा पैसे देतात, आणि दोनचार रात्रींनी वाडा पुढे सरकतो. ह्या वाड्याचा राखणदार वाघ्या. लांडग्याच्या भयाने ज्या रात्री माणसांचा डोळा लागत नसे, त्या रात्री तो कळपाभोवती फिरत असे. आता त्याच्या गुह्यांगावर फुलकोबीसारखी गाठ वाढली असून तीतून रक्त ठिबकते. वाड्यातील म्हातारी म्हणाली, "पोरावाणी हाय ओ, पण दर आठवड्याला सुईसाठी माघारी कसं यायचं?"

पशुवैद्यांनी निदान केले ते कर्करोगाचे. पण हा कर्करोग विलक्षण आहे. त्याच्या पेशीच समागमातून, चाटण्याहुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. माणसाला तो होत नाही. आणि तो बहुधा पूर्ण बरा होतो. व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून द्यावयाचे, साधारणतः चार ते सहा आठवडे. मधूनमधून रक्त तपासावयाचे, कारण ह्या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात. उपचार अर्ध्यावर सोडला तर गाठ पुन्हा वाढू शकते.

हे औषध मिळते सदाफुलीपासून. जिची फुले आपण रोज देवाला वाहतो तीच. (म्हणून कोणी पाल्याचा रस काढून पाजू नये. ती वनस्पती विषारी आहे, आणि औषध तिच्यातून अत्यल्प प्रमाणात, मोठ्या खटपटीने काढावे लागते.)

माणसांना औषध मिळत नाही तेथे कुत्र्याचे कौतुक कशाला, असे काही सज्जन म्हणतील. आक्षेप हलका नाही. परंतु वाघ्या हा कोणाच्या दिवाणखान्यातील शोभेचा प्राणी नव्हे. एका कुटुंबाची भाकरी तो राखतो. ऋग्वेदातील सरमेने पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढला तो देवांच्या कामासाठीच. त्याच सरमेच्या निरपराध पुत्राला जनमेजयाच्या भावांनी यज्ञमंडपात मारले, तेव्हा तिने राजाला जाब विचारला आणि शापही दिला. महाभारताचे आदिपर्व चाळणाऱ्यांना ही कथा ठाऊक आहे. आपल्या काळातले उदाहरण झंजीरचे. १९९३ साली बाँबस्फोटांनी हादरलेल्या मुंबईत स्फोटकांचे साठे हुडकणारा हा पोलिसांचा श्वान २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला फुले वाहून निरोप दिला. धनगराच्या कुत्र्यामागे कोणते खाते उभे आहे?

वाड्याला सहा आठवडे थांबता येणार नाही. एका शेतात चारा तितके दिवस पुरत नाही. म्हणून वाघ्याला मी माझ्या गोठ्यात ठेवून घेतले आहे. कळपामागे तूर्त त्याचे एक अननुभवी पिलू गेले आहे, आणि म्हातारीला त्याचाच घोर आहे. औषध त्या मानाने महाग नाही. खर्च आहे तो तालुक्याच्या पशुचिकित्सालयापर्यंत दर खेपेस न्यावयाच्या गाडीचा, रक्ततपासणीचा, आणि बरा झाल्यावर त्याला कोकणात वाड्यापाशी पोहोचविण्याचा. गावच्या दत्तमंदिरात आज जी दक्षिणा पडेल तिच्यातून हा भार उचलावा, अशी विनंती मी विश्वस्तांना केली आहे. एकदोघांनी नाक मुरडले. पुजारीबुवांनी मात्र नैवेद्यातील घेवड्याची भाजी आणि पोळी बाजूला काढून ठेवण्याचे कबूल केले. त्यांना मी सांगितले की भाजी नको, नुसती पोळी द्या. पहिली सुई सोमवारी आहे. गाडीत त्याला धरून बसावयास एक माणूस हवा.