वाळवंट, निवडुंग आणि डोंगरीचं कापड

अमेरिकेचा 'वेस्ट' म्हटला की मुलांना सिनेमातला घोडेस्वार आणि त्याची बंदूक आठवते. या महिन्याच्या चित्रात बंदूक नाही. ॲरिझोनाचं वाळवंट, मावळतीचं आभाळ आणि सग्वारो निवडुंग एवढंच घ्यायचं आहे. हा निवडुंग घराच्या छपराहून उंच जातो, पण त्याला पहिली फांदी फुटायलाच बहुधा ५० वर्षांहून जास्त लागतात. मुलांना हे सांगा, मग ती रोपाला लगेच चार हात काढणार नाहीत!

जाड कागदावर आधी मेणखडूने निवडुंग काढा, चांगला दाबून. मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून मागचं आभाळ बिनधास्त रंगवता येतं. खाली पिवळा, मग केशरी, वर जांभळा. रंग ओला चकाकत असतानाच चिमूटभर जाडं मीठ टाका. मीठ आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. पूर्ण सुकल्यावरच मीठ झाडा. घाईने पंखा लावलात तर ठिपके नीट उठत नाहीत. सपाट माथ्याचे डोंगर खाकी कागद हाताने फाडून चिकटवा. कात्रीची कड फार सरळ येते. जमिनीला फेविकॉल लावून वाळू भुरभुरा. कोकणातल्या बहिणींनी किनाऱ्यावरची वाळू धुऊन, वाळवून घ्यावी.

चौकटीला जुन्या जीन्सच्या पट्ट्या आणि बांधणीच्या ओढणीची कतरण लावा. ही नुसती सजावट नव्हे. काउबॉयच्या गळ्यातला 'बंडाना' आपल्या 'बांधणे'वरून आला आणि जाड्याभरड्या कापडाचं 'डंगरी' हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून.

बऱ्याच घरांत सजीवांची चित्रं काढत नाहीत. या चित्रात तो प्रश्नच येत नाही, आणि माणसांवाचून ते रिकामंही वाटत नाही. पिसांचा मुकुट मात्र शोभेसाठी चिकटवू नका. तिथल्या काही मूळ जमातींत तो मिळवावा लागणारा मान आहे, खेळणं नव्हे.

आणि मुलांनी "तिकडे आपलं कोण होतं?" असं विचारलंच, तर हाजी अलींची गोष्ट सांगा. मुंबईच्या दर्ग्यातले नव्हेत, दुसरे. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट मागवले, त्यांच्याबरोबर उस्मानी मुलखातून हे उंटवाले आले. तिथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, त्यांनी 'हाय जॉली' करून टाकलं. पुढे यादवी युद्ध पेटलं, उंटांचा प्रयोग बारगळला, पण हाजी अली तिथेच राहिले. १९०२ साली वारले. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावी त्यांच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. मुलांना वाटलं तर डोंगरांच्या पायथ्याशी खाकी कागदाचा एक छोटा त्रिकोण चिकटवू द्या.