ऑटोफोकस 'गेला'? मग बग रिपोर्ट दाखवा!

पावसाळा लागला की मुंबई-पुण्याची तमाम आयटी जनता शनिवारी पहाटे गाडी काढते आणि महाड-पोलादपूरकडे सुटते. रायगड, वरंध, आंबेनळी घाट... धबधबे, ढग, हिरवेगार डोंगर. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "अरे, माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस गेला रे!"

गेला? कुठे गेला? पोलादपूरच्या स्टँडवर उतरला काय?

गंमत बघा. हाच माणूस ऑफिसात टेस्टरने 'अ‍ॅप चालत नाही' एवढंच लिहून बग टाकला तर मिनिटात परत पाठवतो. कुठल्या बिल्डवर? स्टेप्स काय? दर वेळी होतं की कधी कधी? लॉग कुठे आहेत? आणि स्वतःच्या हप्त्यावर घेतलेल्या लेन्सबद्दल मात्र 'गेला'! पुढे लगेच सल्लागार जमतात. एक म्हणतो बॉडी बदल, दुसरा म्हणतो ब्रँडच बदल, तिसरा म्हणतो मिररलेस घे, विषय संपव. एकही जण विचारत नाही की बाबा रे, नक्की काय झालं?

माझं म्हणणं सरळ आहे. जो बिघाड तुम्हाला पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. आणि जो दाखवता येतो, त्याच्यावर गप्पही बसू नका.

आधी ऑटोफोकसला दिसतं काय ते बघू. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशातून थोडा प्रकाश पलीकडे जातो, मागचा छोटा आरसा तो खाली वळवतो, आणि तळाशी बसलेला वेगळा सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा जुळतात का ते तपासतो. नाही जुळल्या तर किती आणि कुठल्या दिशेने सरकायचं ते त्याला लगेच कळतं. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० ने ऑटोफोकस लोकांच्या हातात दिला, तेव्हापासून एसएलआरमधलं तत्त्व हेच आहे. दुसरी पद्धत म्हणजे लेन्स पुढे-मागे करत कॉन्ट्रास्ट सर्वात जास्त कुठे आहे ते शोधायचं. दोन्हींना एक गोष्ट लागतेच लागते, ती म्हणजे कॉन्ट्रास्ट. काळ्या-पांढऱ्याची एक तरी स्पष्ट कड. कॅमेऱ्याला 'डोंगर' कळत नाही, कडा कळतात.

आता चला महाड-पोलादपूरला. ऑटोफोकसची परीक्षा घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही.

पहिला मुक्काम आंबेनळी घाट. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या दिशेने चढायला लागलात की जुलैमध्ये समोर नुसता पांढरा पडदा. त्यावर फोकस पॉइंट ठेवला तर लेन्स घुं-घुं करत या टोकाहून त्या टोकाला फिरणारच. हा बिघाड नाही. हे कॅमेऱ्याचं प्रामाणिक उत्तर आहे, 'इथे काही नाही.' साधारण तेवढ्याच अंतरावरच्या झाडाच्या खोडावर किंवा रस्त्याच्या कठड्यावर फोकस धरा, अर्धं बटण दाबून ठेवा आणि फ्रेम बदला. नाहीतर लेन्सवरचा स्विच मॅन्युअलवर टाका, तो त्याचसाठी दिलाय. शिवाय एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढताक्षणी काचेवर बाष्प धरतं. त्याला पुसत बसू नका, बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

दुसरा मुक्काम, ढग फाटल्यावर समोर येणारा सह्याद्री. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, म्हणून कड्यांवरच्या रेघा बहुतेक आडव्या. आणि कॅमेरा आडवा धरलेला असताना बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचे, तसंच अनेक डीएसएलआरच्या कडेच्या पॉइंटांपैकी काहींचे सेन्सर फक्त उभ्या रेघा नीट ओळखतात. झालं! डोळ्यांना लख्ख दिसणारा कडा, आणि कॅमेरा आंधळा. उपाय फुकट आहे. कॅमेरा उभा करून फोकस घ्या, मग आडवा करा. डीएसएलआर असेल तर मधला पॉइंट वापरा, तो बहुधा क्रॉस टाइप म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा बघणारा असतो.

तिसरा मुक्काम महाडजवळची गांधारपाले लेणी. बाहेर लख्ख उजेड, आत अंधार. ५.६ च्या किट झूमने आतल्या कोपऱ्यात फोकस मागाल तर कॅमेरा चाचपडणारच. दाराच्या चौकटीवर, जिथे उजेड आणि सावली भेटतात, तिथे मागा. लगेच मिळेल.

चौथा मुक्काम रायगड, ६ जून. राज्याभिषेकाचा सोहळा, गर्दी, ढोल, वाऱ्यावर भगवे झेंडे. सगळे पॉइंट चालू ठेवून 'ऑटो'वर सोडलंत तर फोकस बहुधा सगळ्यात जवळच्या वस्तूवर जातो. म्हणजे पुढच्या माणसाच्या टोपीवर. नवीन कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा फोकस असतो, पण कोणाचे डोळे ते त्याला कोण सांगणार? शिवाय सलग फोकसच्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचं डीफॉल्ट असं असतं की फोकस लागो न लागो, शटर पडतंच. ते मेनूत बदलता येतं. किती जणांनी तो मेनू उघडलाय? पालखी पुन्हा मागे फिरून तुमच्यासाठी उभी राहत नाही, मंडळी. म्हणून ही तयारी घरी करायची असते.

आणि एप्रिलच्या दुपारी गडावरून खालची गावं टिपताना फोटो मऊ येतात, त्यात ऑटोफोकसचा संबंध बहुतेक वेळा नसतोच. तापलेली हवा थरथरते. तिथे दोन लाखांची लेन्सही मऊच फोटो देणार. त्यावर औषध एकच, पहाटे उठा.

आता खरी तपासणी. एका रविवारी घरी होते. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, भरपूर उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टेबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर, लेन्सवरचा फिल्टर काढलेला. (फिल्टर जुना लिनिअर पोलरायझर असेल तर डीएसएलआरचा ऑटोफोकस त्यानेच बिघडू शकतो.) दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो, मग लाइव्ह व्ह्यूमधून दहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

लाइव्ह व्ह्यूचे दहाही लख्ख आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही सारखेच मऊ? मग कॅलिब्रेशन चुकलंय. एक पट्टी तिरकी ठेवून फोकस पुढे पडतो की मागे ते बघा. अनेक बॉडींमध्ये त्यासाठी फाइन ट्यूनचा मेनू असतो. भर उजेडातही कधी पुढे, कधी मागे, काही नेम नाही? मग संपर्काच्या पिना कोरड्या मऊ कपड्याने पुसा, दुसरी लेन्स लावून बघा, मित्राची बॉडी मागा. दोष कोणाबरोबर फिरतो ते बघा, लेन्सबरोबर की बॉडीबरोबर. फ्रेमची एकच बाजू कायम मऊ? आतली काच सरकलेली असू शकते. आणि सगळं चित्र एकाच दिशेने फरफटलेलं असेल तर तो हात हलल्याचा पुरावा आहे, त्यात ऑटोफोकसला कशाला गोवता?

"एवढं कोण करत बसणार? फोटोग्राफी कला आहे, लॅब नाही." हे नेहमीचं उत्तर. बरं. तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन तबला लावतो, तेव्हा कला कमी होते का?

"मिररलेस घेतला की सगळं संपतं." अर्धसत्य. फोकस चित्राच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे पुढे-मागे पडण्याची भानगड बरीचशी गेली. धुकं, अंधार आणि पुढच्याची टोपी मात्र तिथेच आहेत.

याचा अर्थ कंपन्या धुतल्या तांदळासारख्या, असं मी मुळीच म्हणत नाही. २००७ मध्ये कॅननच्या वन-डी मार्क थ्री या महागड्या कॅमेऱ्याचा फोकस हलत्या विषयावर दगा देत होता. रॉब गॅलब्रेथ या फोटोग्राफरने शिस्तीत चाचण्या घेऊन निकाल जाहीर मांडले. कंपनीने त्याच वर्षी आतल्या छोट्या आरशात दोष असल्याचं मान्य केलं आणि दुरुस्ती दिली. पुढे २०१२ मध्ये निकॉन डी ८०० च्या डाव्या बाजूच्या फोकस पॉइंटांचा घोळही लोकांनी डावे, मधले, उजवे असे फोटो शेजारी ठेवून दाखवला. 'गेला रे' म्हणून यातलं काहीही घडलं नसतं.

उलट माझ्या एका मित्राची लेन्स सर्व्हिस सेंटरमधून दोनदा 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आली. त्याने फॉर्मवर लिहिलं होतं, 'फोटो ब्लर येतात.' तिसऱ्या वेळी आम्ही वीस फोटोंची सीडी... चुकलो, पेनड्राइव्ह जोडला, सोबत चार ओळींच्या स्टेप्स. या वेळी दुरुस्त होऊन आली. लेन्स तीच, सर्व्हिस सेंटर तेच. फक्त या वेळी काउंटरवरच्या माणसाला नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

अर्धवट तक्रारीचा फायदा नेहमी विकणाऱ्याला होतो. तो दुरुस्ती टाळतो, आणि आपण वैतागून त्याचंच पुढचं मॉडेल घेतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'गेला' म्हणालं की सहानुभूती दाखवू नका. स्टेप्स विचारा.

ता. क. कोकणातून परत आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. बुरशी धरलेल्या काचेतून कॉन्ट्रास्ट उतरतो, आणि मग ऑटोफोकस खरंच 'जातो'.