वर्ध्याला जा, पण कामाविना



पोळा झाला, डवरणी-निंदण आटोपले. सोयाबीन कापणीला, कापूस वेचणीला अजून अवकाश आहे. वर्ध्याला आपण बँक, बाजार समिती, दवाखाना एवढ्यासाठीच जातो. घरधनिणीला तर दवाखान्यापलीकडे काही ठाऊक नसते. दूरदूरचे लोक पाहायला येतात ते आपणच पाहिलेले नाही. यंदा एक दिवस दोघे मिळून जा.

सकाळी सेवाग्रामची एसटी धरा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. बापूकुटी आपल्या घरांसारखीच माती-बांबूची. आतला गारवा अनुभवा. परतताना वर्ध्यात १९३८ चे मगन संग्रहालय आणि १९२८ मध्ये दलितांसाठी खुले झालेले लक्ष्मीनारायण मंदिर पाहा. गोरस भांडारातला गोरसपाक चाखा. गाईच्या दूध-तुपाचे मोल कसे वाढते ते कळेल.

दुपारची शिदोरी पवनारला, विनोबांच्या आश्रमाजवळ सोडा. तिथे जमीन खणताना भरत-रामभेटीचे प्राचीन शिल्प सापडले, ते पाहा. धाम नदीला पाणी असेल तर पात्रात उतरू नका.

पोळ्याला बैलांच्या खांद्याला विसावा देतो. घरच्या माणसांनाही वर्षातून एक दिवस द्यावा.